मी गाळलेली वाक्यं

या प्रवासाहून परतल्यावर ओळखीच्यांनी विचारलं, "कसं होतं महाबळेश्वर?" मी म्हणत राहिले, "गर्दी फार होती." गर्दी होतीच. पण जे घडलं ते महाबळेश्वरला फक्त सुरू झालं आणि पाचव्या दिवशी मिरजेच्या पूर्वेकडच्या एका गावात संपलं. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या माणसांना रोज एकमेकांच्या दारावरून जायचं असतं. ते माझं गाव आहे, एवढं सांगते.

मी पुण्यात समुपदेशक आहे. मोठ्या कंपन्यांत जाऊन माइंडफुलनेसचे वर्ग घेते. श्वासाकडे लक्ष द्या, विचार येतील, येऊ द्या, वगैरे. जन्मानं मी बौद्ध आहे, पण वर्गात हे कधी सांगितलेलं नाही. आडनाव लावत नाही, वडिलांचं नाव लावते. रंजना विलास. लोकांना वाटतं, बाई परदेशी पुस्तकं वाचून बुद्धापर्यंत पोचल्या असतील. मी तसं वाटू देते. पंधरा वर्षं वाटू दिलं.

मारीट ही माझी शिक्षिका. नॉर्वेची मानसशास्त्रज्ञ, साठी ओलांडलेली, उंच, पाठ जराशी वाकलेली. ऐन विशीत तिला नैराश्यानं गाठलं होतं, त्यातून ती ध्यानाकडे वळली, आणि तीस वर्षांपासून ती स्वतःला बौद्ध म्हणवते. मी तिच्याकडे संगणकावरून शिकले. यंदा मेमध्ये महाबळेश्वरच्या एका शिबिरासाठी तिला बोलावलं, आणि दुभाषी म्हणून मला. तिनं एकच अट घातली होती. शिबिर संपलं की बुद्ध पौर्णिमा माझ्या गावात बघायची. कधीतरी बोलता बोलता मी तिला गावाबद्दल सांगून बसले होते. "हो, जाऊ की," म्हणाले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली.

महाबळेश्वर

हॉटेलच्या दारातच दगडी बुद्धाचं मस्तक होतं. फक्त मस्तक, आणि त्याच्या डोक्यावरून पाणी ओघळत होतं. मारीट त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे बागेच्या सामानाच्या दुकानात असे मिळतात. मला वाटलं होतं, इथं तरी धड असेल."

तीन दिवसांचं शिबिर. डॉक्टर, कंपन्यांचे अधिकारी, दोन-चार हॉटेलवाले. स्ट्रॉबेरीचा हंगाम उरकत आला होता, तरी नाश्त्याला रोज वाडगाभर असायची. बाहेर पॉइंटांकडे जाणाऱ्या टॅक्सींची रांग, हॉर्न, मक्याच्या कणसांचा धूर. आत आम्ही डोळे मिटून बसलेलो. पहिल्याच दिवशी आयोजक मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांभाळून घ्या. त्या काही राजकारणाचं बोलल्या तर जरा सौम्य करा. लोक शांततेसाठी आलेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेरच्या लोकांसाठी खुलं व्याख्यान होतं. पुढच्या रांगेत स्थानिक पुढारी, हारतुरे, सगळ्यांच्या हातात मोबाइल. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हसत विचारलं, "बुद्ध म्हणजे मनाची शांती. मग आपल्या महाराष्ट्रात त्यांच्या नावानं एवढं राजकारण का चालतं?"

मारीटनं नेहमीसारखा थोडा वेळ घेतला. मग ती इंग्रजीत जे बोलली ते असं होतं: "ध्यानाला पक्ष नसतो. पण आम्ही पाश्चात्त्यांनी एक चूक केली. बुद्धाकडून ध्यान तेवढं उचललं आणि बाकी सगळं तिथंच ठेवून आलो. अपमान सोसलेली माणसं बुद्धाकडे येतात तेव्हा ते राजकारणच असतं, आणि ते असायलाच हवं. या महाराष्ट्रात ते झालं. मी इथं शिकायला आले आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आयोजक भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, हे मी मराठीत म्हटलं की कुणीतरी विचारेल, "तुमचं आडनाव काय?" तेवढंच वाटलं. बाकी काही नाही.

मी म्हणाले, "मारीट म्हणतात, ध्यानाला पक्ष नसतो. बुद्धाला राजकारणाशी काही देणंघेणं नाही. मन शांत झालं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात."

हे शेवटचं वाक्य तर तिनं उच्चारलंही नव्हतं. ते माझ्या पुण्यातल्या वर्गांतलं होतं. टाळ्या जोरात पडल्या. मारीटनं माझ्याकडे बघून मान लववली. तिला वाटलं, तिच्या बोलण्याला टाळ्या पडल्या.

कराडकडे

तिसऱ्या दिवशी सकाळचं सत्र आटोपून निघालो. गाडी संपतरावांची होती. ते फलटणचे, घरी ऊस, धाकटा भाऊ फौजेत. गप्पिष्ट माणूस. पाचगणीला मारीटनं तुतीची द्रोणभर फळं घेतली आणि पसरणीचा घाट उतरेपर्यंत तिच्या पांढऱ्या कुडत्यावर जांभळे डाग पडले. वाईला वडाच्या झाडाखाली गाडी थांबवून ती नळावर डाग धूत बसली आणि धुता धुता हसत होती. मला वाटलं, जमलं. कुणाला काही कळलं नाही.

साताऱ्याच्या पुढं, महामार्गाच्या कडेला चहाला थांबलो तेव्हा संपतराव मोबाइल घेऊन आले. "म्याडम, ह्यात तुमचाच आवाज हाय न्हवं?"

अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होती. मारीट बोलतेय, वर माझा आवाज. बुद्धाला राजकारणाशी काही देणंघेणं नाही. खाली मोठ्या अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं: 'परदेशी बौद्ध विदुषीनं यांना आरसा दाखवला.'

"लय भारी बोलला," संपतराव मनापासून म्हणाले. "आमच्या भावकीच्या ग्रुपवर आलंय सकाळी. सांगलीच्या साडूनं बी टाकलंय."

माझा चहा तसाच राहिला. मारीटनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "आपलं व्याख्यान लोकांना आवडलंय." गाडीत बसल्यावर मी श्वास मोजायला लागले. चारपर्यंत जायचे आणि आकडा हरवायचा. दुतर्फा तोडलेल्या उसाची खुंटं, पेटवलेलं पाचट, त्याचा वास. सांगलीपर्यंत पोचलंय म्हणजे गावात पोचलं असणार. गावात माझा चुलतभाऊ मिलिंद राहतो. तो शिक्षक आहे. त्यानं अजून काही कळवलं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

कराडला मुक्काम माझ्या वडिलांच्या मित्राकडे होता. आम्ही त्यांना सुभेदारकाका म्हणतो. दारातच त्यांनी कडक "जय भीम" केला. मारीटनंही तो परत केला. मी तिला शिकवला होता. काकूंनी ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा वाढला. खर्ड्यानं मारीटच्या डोळ्यांना धारा लागल्या तरी ती खात राहिली.

जेवणानंतर काका आपली गोष्ट सांगायला लागले. निवृत्तीनंतर त्यांना झोप येत नसे. शेजारच्या घराचं दार आपटलं तरी ते पलंगाखाली शिरत. "मग डाक्टरनं सांगितलं, ध्यान करा. मी म्हटलं, हे काय नवीन काढलं? तर म्हणाला, आवं, तुमच्याच बुद्धाचं हाय." काका हसले. "बुद्ध आमच्या घरात व्हताच की. रोज उदबत्ती लावत व्हतो. पण डोळं मिटून बसायचं बी असतंय, हे मला इंजेक्शनवाल्यानं सांगितलं."

मारीट खूप हसली. मग काकांनी तिला विचारलं, "तुमच्याकडं बुद्ध मानला तर लोक काय म्हणत्यात?"

"काही नाही. कुणी विचारतही नाही."

"आमच्याकडं पहिलं त्येच विचारत्यात," काका म्हणाले.

हे मी शब्दन् शब्द सांगितलं. मारीटनं ते वहीत लिहून घेतलं.

ती हात धुवायला आत गेली तेव्हा काकांनी खिशातून मोबाइल काढला. मी समजले. त्यांनी तीच चित्रफीत लावली आणि कानाशी धरली. "रंजना, तुझ्या आवाजाच्या आधी बाईंचं बोलणं ऐकू येतंय बारीक. 'मस्ट बी' म्हणत्यात बघ. 'मस्ट बी पॉलिटिकल.' माझं इंग्रजी फौजेतलं. पण 'मस्ट' म्हंजे काय ते आमाला चांगलं ठाऊक हाय. त्ये तुझ्या मराठीत कुठं हाय?"

"आवाज नीट आलेला नाही, काका."

त्यांनी चित्रफीत बंद केली. मग मोबाइल पालथा ठेवला. "असंल," म्हणाले. त्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून यात्रा दाखवली होती.

सांगली

चौथ्या दिवशी सकाळी आष्ट्यावरून सांगलीला आलो. मारीटला भडंग खायचं होतं. बाजारपेठेत दुकानदारानं कागदाच्या पुड्यात भरून दिलं, तेवढ्यात मिलिंदचा फोन आला.

"कुठं हायस?"

"सांगलीत. तासाभरात येतो."

"आज चार वाजता पंचायतीत शांतता समितीची बैठक हाय. पोलीस येणार हायत." त्याचा आवाज शाळेत हजेरी घेतल्यासारखा कोरडा होता. "मिरवणूक दरवर्षी वढ्याकडच्या रस्त्यानं जाती. यंदा आमी पेठेतनं मागितली. एवढंच मागितलं. काल तानाजीरावानं सगळ्या ग्रुपवर तुझी फीत टाकली. म्हणतोय, त्यांचीच बाई सांगती, बुद्धाला राजकारण नको. मग पेठ कशाला पाहिजे? घरात बसून ध्यान करा." तो थांबला. "बाई खरंच असं म्हणाली?"

मी दुकानदाराकडून सुटे पैसे घेतले.

"रंजे, खरंच म्हणाली?"

"नाही," मी म्हणाले. त्यानं फोन ठेवला.

आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी खाली गेलं होतं, पायऱ्यांवर वाळलेला गाळ. मारीट भडंगातले शेंगदाणे वेचून खात होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचं वाक्य काय होतं, मी काय म्हटलं, संपतरावांचा मोबाइल, पेठ, चार वाजताची बैठक.  

तिनं पुडा बाजूला ठेवला. तिला रागावलेली मी कधी पाहिली नव्हती. ती ओरडली नाही, पण तिचा चेहरा अगदी ओळख नसलेल्या माणसासारखा झाला. "ते वाक्य तू माझ्या तोंडी घातलंस," ती म्हणाली. "ज्यांच्याकडे मी चाललेय, त्यांच्याविरुद्ध."

"हो."

"का?"

"माझं आडनाव विचारतील म्हणून."

हे तिला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. आडनाव कळल्यावर लोकांच्या आवाजात काय बदलतं, कंपनीतल्या बाई डबा पुढं करता करता कशा थांबतात, घर भाड्यानं देणारे अचानक पाहुणे येणार असल्याचं कसं सांगतात. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "तीन दिवस मी लोकांना सांगत होते की भीती आली की तिच्याकडे नीट बघा. तू माझ्या शेजारी बसून एवढी घाबरली होतीस आणि मला दिसलं नाही. तीस वर्षं मी हे काम करते."

मग ती उठली, कुडता झटकला. "चार वाजायला किती वेळ आहे?"

गाव

दारात सोनाआत्या उभी होती. वडिलांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली. तिनं मारीटच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. माझ्याकडे बघून नुसतं म्हणाली, "जेव आधी." मिलिंद ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. तो उठला, मारीटला नमस्कार केला, तिला पाणी दिलं. माझ्याशी बोलला नाही. दुपारी जेवताना त्याच्या बायकोनं मला दोनदा आमटी वाढली, तेवढंच.

बौद्धवस्तीतून पंचायतीत जायला पेठेतूनच जावं लागतं. एकट्यादुकट्यानं गेलं तर कुणी अडवत नाही. मिरवणुकीची गोष्ट वेगळी.

पंचायतीच्या खोलीत पंचवीसेक माणसं होती. टेबलामागं फौजदार, घामानं निथळलेले. एका बाजूला तानाजीराव, वय चाळीसच्या आत, पेठेतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. खिडकीपाशी भूपालआण्णा. ते जैन, पेठेत बी-बियाण्यांचं दुकान, मळा आमच्या वस्तीला लागून. गावात त्यांचा शब्द मोडत नाहीत. त्यांची नात ऋतुजा त्यांना आणायला आली होती आणि दारात थांबली होती. आमच्याकडून मिलिंद, पाच-सहा बायका, आणि विकी नावाचा एक तरुण, जो भिंतीला पाठ लावून एका पायानं सारखी जमीन ठोकत होता.

तानाजीरावानं बोलायला सुरुवात करण्याऐवजी मोबाइलच लावला. माझा आवाज त्या खोलीत घुमला. मन शांत झालं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

"आमी काय वेगळं म्हणतोय का, साहेब?" तानाजीराव म्हणाला. "ह्यांच्याच धर्माच्या बाई सांगत्यात."

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. "तो आवाज माझा आहे," मी म्हणाले. "बाई असं म्हणाल्या नव्हत्या. मी चुकीचं सांगितलं. चुकून नाही, जाणूनबुजून. मी भ्याले होते."

खोलीत कुजबुज झाली. तानाजीराव हसला. "म्हंजे तवा खोटं बोलला?"

"व्हय," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडातून निघाला.

"मग आता खरं बोलताय कशावरनं? तवा पुण्याच्या म्याडम व्हता. आता वस्तीतल्या रंजी हाय तुमी. भावानं सांगितलं, फिरवला शब्द."

 तो म्हणत होता ते बरोबरच होतं. आडनाव लपवलेलं होतं तोवर माझ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. ते उघडं झालं आणि मी एका बाजूची माणूस झाले. मी मिलिंदकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात मारीट उठली. तिला शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतं. ती फौजदारांना इंग्रजीत म्हणाली, "मी परत सांगते. दुसरं कुणीतरी भाषांतर करा."

फौजदारांनी इकडेतिकडे बघितलं. भूपालआण्णांनी दाराकडे मान वळवली. "ऋतुजा, ये. सांग."

ती विशीतली मुलगी, सांगलीला शिकते. आजोबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मारीट एकेक वाक्य बोलायची आणि थांबायची. ऋतुजा सांगायची. ध्यान तेवढं उचललं, बाकी तिथंच ठेवून आलो. हे ती भराभर बोलली. मग मारीट म्हणाली, अपमान सोसलेली माणसं बुद्धाकडे येतात तेव्हा ते राजकारणच असतं. ऋतुजानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं आजोबांकडे बघितलं. पेठेतली माणसं समोर बसली होती. उद्या तिला त्यांच्यासमोरूनच बसस्टँडला जायचं होतं. मला तिच्या जागी मीच दिसले, आणि वाटलं, ही गाळणार.

"जे म्हणाल्या ते सांग," आण्णा म्हणाले.

तिनं सांगितलं. अडखळत, पण पूर्ण. "आणि ते असायलाच पाहिजे," इथपर्यंत.

नंतरचा तासभर सगळे एकदमच बोलत होते. तानाजीराव म्हणाला, परदेशी बाईनं आमच्या गावात येऊन शिकवायचं कारण नाही. त्यावर मिलिंद म्हणाला, "काल शिकवलेलं चाललं की तुमाला." शेवटी भूपालआण्णा बोलले. "पेठ गावाची हाय. माझ्या दुकानावरनं जाऊ द्या. काय हुतंय बघू." फौजदारांनी कागदावर लिहिलं: सकाळी साडेआठ ते साडेनऊ, पेठेतून, पण ध्वनिक्षेपक नाही, घोषणा नाहीत. विकीनं जमिनीवर पाय आपटला. मिलिंदनं सही केली.

बाहेर आल्यावर ऋतुजाला मी म्हणाले, "धन्यवाद." ती म्हणाली, "मला वाटलं, शब्द चुकला तर?" आणि आजोबांच्या मागोमाग गेली. त्यांना सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं.

संध्याकाळी पुण्याहून आयोजकांचा फोन आला. माझ्या कबुलीचीही कुणीतरी फीत काढली होती. ते अत्यंत गोड आवाजात म्हणाले, पुढच्या शिबिराचं आम्ही कळवतो. अजून कळवलेलं नाही.

पौर्णिमा

सकाळी वस्तीत सगळे पांढऱ्या कपड्यांत. ट्रॅक्टर फुलांनी सजवला होता, त्यावर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. पंचरंगी झेंडा विकीच्या हातात. मारीटला पुढं चालायचं होतं. मिलिंदनं मला न विचारता, मोडक्या इंग्रजीत तिला स्वतः सांगितलं, "तुम्ही मागे. पुढे चाललात तर उद्याची बातमी तुमची होईल, आमची नाही." मारीटनं मान हलवली आणि बायकांच्या मागं, सोनाआत्याचा हात धरून उभी राहिली.

मिरवणुकीत फक्त पावलांचा आवाज येत होता. एरवी वाजतगाजत जाणारी दोनशे माणसं गप्प चालली की अंगावर काटा येतो. पेठेत बरीच शटर अर्धी ओढलेली. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती, बहुतेकांच्या हातात मोबाइल. भूपालआण्णांचं दुकान उघडं होतं. ते पायरीवर उभे होते. त्यांनी हात जोडले नाहीत, मान हलवली नाही. सगळे पुढं जाईपर्यंत उभे राहिले.

देवळाच्या वळणावर पेठेतली पोरं सहा-सात मोटरसायकली घेऊन थांबली होती. आम्ही जवळ येताच त्यांनी त्या जागेवरच गुरगुरवायला सुरुवात केली. धूर आणि आवाज. ट्रॅक्टर थांबला. आत्यानं माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली. पुढं विकीनं झेंड्याची काठी दोन्ही हातांत घेतली आणि वळून मोटरसायकलींकडे बघितलं. मी त्याचा चेहरा बघितला. श्वास मोजायचं मला सुचलंही नाही. मला फक्त दिसत होतं की पुढच्या क्षणी काहीतरी उडून येणार, आणि त्याच्या मागं माझं एक वाक्य असणार.

मिलिंदनं विकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून चालायला लागला. ट्रॅक्टर हलला. फौजदार मोटरसायकलींपाशी जाऊन उभे राहिले. वळण संपलं. ओढ्यावरच्या पुलापाशी आल्यावर बायका एकदम बोलायला लागल्या, आणि आत्या म्हणाली, "जल्म गेला ह्या गावात. पेठेतनं अशी कवा गेले न्हवते." तिचे डोळे कोरडे होते. ती खूश होती की दमली होती, मला कळलं नाही.

विहारात वंदना झाली. गव्हाची खीर वाटायला काढली होती, जिला आमच्याकडं हुग्गी म्हणतात. मारीट म्हणाली, अशी खीर तिनं कुठंच खाल्ली नव्हती, आणि दुसऱ्यांदा घेतली. मग मिलिंद माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"बाईंना बोलायला सांग. मराठीत तू सांग."

"ऋतुजासारखं कुणीतरी..."

"तू," तो म्हणाला. "सगळं सांग."

मारीट उभी राहिली. आधी तिनं आभार मानले, मी सांगितलं. मिरवणुकीतली शांतता ती कधी विसरणार नाही म्हणाली, तेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती थांबली. ती थांबते तेव्हा पुढं काय येतं ते मला आता ठाऊक होतं. 

ती म्हणाली, "मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. देवळाच्या वळणावर मी तुमच्यातल्या काही तरुणांकडे बघितलं. समोरून दगड यावा, अशी आशा मला त्यांच्या डोळ्यांत दिसली. ती मी ओळखली, कारण त्या वेळी ती माझ्याही मनात होती."

विहारात सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या, मिलिंदची बायको, काल पंचायतीत आलेल्या बायका. विकी झेंडा खांबाला टेकवून पहिल्या ओळीत बसला होता, हातात खिरीची वाटी. ही माझी माणसं होती. त्यांना हे ऐकवायचा मला काय अधिकार? मीच त्यांना पेठेच्या तोंडी दिलं होतं. आशा या शब्दाऐवजी भीती म्हटलं तर? एक शब्द. मारीटला कळणार नाही, पोरांचा मान राहील, सगळे खीर खाऊन घरी जातील.

मी सांगितलं. आशा हाच शब्द वापरला. "...ती माझ्याही मनात होती," हेही सांगितलं, आणि मग माझं मी जोडलं नाही काहीच.

 विकीनं वाटी खाली ठेवली. तो उठला, कुणाकडेही न बघता दारापर्यंत गेला आणि चपला शोधायला लागला. मला वाटलं, आता बाकीची पोरंही उठतील. मी मिलिंदकडे बघितलं.

"थांबू नको," मिलिंद म्हणाला. "पुढं काय म्हणत्यात त्या?"

मी मारीटकडे वळले. दारात विकी एक चप्पल पायात घालून तसाच उभा होता, ऐकत.